पत्ता बदललेल्या माणसाचे पत्र

माझ्या संग्रही एक जुने पोस्टकार्ड आहे. त्यावर मजकूर एकच, पण पत्ते मात्र तीन आहेत. पहिला पत्ता भुसावळचा, माझ्या चुलत्यांच्या किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरातला. त्यावर लाल शाईची एक आडवी रेघ ओढलेली असून शेजारी इटारसीचा पत्ता लिहिला आहे. तोही खोडलेला आहे, आणि त्याच्याखाली, जागा उरली नाही म्हणून आडवा, पेन्सिलीने लिहिलेला झाशीचा पत्ता आहे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, रेल्वेच्या नोकरीत होते. ते कार्ड राजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून निघाले होते. आजी अंथरुणाला खिळली आहे, सारखे तुमचे नाव घेते, पत्र पोचताच निघा, एवढाच मजकूर. ते अकराव्या दिवशी अण्णांच्या हाती पडले. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आज मला बोलायचे आहे ते त्या दोन आडव्या रेघांविषयी. एखादा पत्ता खोडून दुसरा लिहिणे ही वरवर क्षुल्लक दिसणारी कृती आहे. पण ती शक्य व्हायला मानवी इतिहासाचा बराच प्रवास व्हावा लागला.

विचार केला तर टपाल ही एक चमत्कारिक व्यवस्था आहे. आपण पत्र लिहितो ते माणसाला, आणि पाठवतो ते मात्र जागेला. पत्रावर नाव असते, पण पत्र वाहणाऱ्याला हवे असते ते गाव, पेठ आणि घरक्रमांक. माणूस त्या जागी आहे तोवर या दोहोंत काही फरक जाणवत नाही. तो तेथून उठला, की पत्राचा धनी एकीकडे आणि पत्राची वाट दुसरीकडे, अशी स्थिती होते. ही अडचण आजच्या अर्थाने टपालखाते निर्माण झाल्यावरच जन्माला आली. त्यापूर्वी ती नव्हती, कारण त्यापूर्वी पत्र माणसालाच शोधीत जात असे.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला. महंमद तुघलकाच्या राज्यातील डाकेचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी धावणाऱ्यांची वेगळी. आणि पायी डाक घोड्यांच्या डाकेपेक्षाही जलद जाई असे तो सांगतो. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र व दुसऱ्या हातात घुंगरे लावलेली काठी असे. तिचा आवाज ऐकून पुढच्या टप्प्यावरचा माणूस सज्ज होऊन उभा राही. याच सुलतानाने १३२७च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलवली. आपल्या इतिहासातील घर बदलण्याचा इतका मोठा खटाटोप दुसरा क्वचितच सापडेल. सुलतान दौलताबादेस असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून तेथे पोचवले जात असे, हेही बतूतानेच नमूद केले आहे. सुलतान हलला, तसे त्याचे पाणीही त्याच्यामागे निघाले. नव्या मुक्कामाची वर्दी कोणाला द्यावी लागली नाही, कारण सारी डाक त्याच्या एकट्याच्या सेवेत होती. ज्यांना सुलतानाच्या हुकुमाने त्याच्यामागे दक्षिणेत यावे लागले, त्या दिल्लीकरांसाठी अशी सोय नव्हती.

मराठेशाहीत हे काम जासुदांकडे असे. जासूद बहुधा जोडीने निघत, आणि पत्र अमक्या घरी नव्हे तर अमक्या सरदाराच्या हाती द्यावयाचे, ही त्यांना ताकीद असे. लष्कर आज एका नदीच्या काठी तर परवा दुसऱ्या; तेव्हा जासुदाने वाटेत विचारपूस करीत लष्कर गाठावे आणि छावणीत शिरून धनी शोधावा. पत्ता नावाची वस्तू जासुदाच्या डोक्यात असे आणि ती दररोज बदले. सावकारांचे कासीद निराळे. पानिपतच्या संहाराची बातमी नानासाहेब पेशव्यांना पहिल्याने कळली ती अशाच एका सावकारी कासिदाच्या पत्रातून, अशी कथा ग्रँट डफने दिली आहे. पत्र चालले होते औरंगाबादच्या पेढीला. पेशवे उत्तरेकडे निघाले असता वाटेत तो कासीद त्यांच्या लोकांना भेटला, आणि दुसऱ्याच्या नावचे ते पत्र फोडले गेले. त्या पत्रातील सांकेतिक भाषा मराठी माणसाला तोंडपाठ आहे, म्हणून मी ती येथे सांगत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की ज्या काळात पत्र माणसाला शोधीत जात होते त्या काळात ते दुसऱ्या कोणाच्या हाती पडून फोडले जाणे ही अनहोनी गोष्ट नव्हती.

कंपनी सरकारने डाक सामान्य जनतेला खुली केली ती वॉरन हेस्टिंग्जच्या वेळी, १७७४ साली. तेव्हा दर शंभर मैलांस दोन आणे असा आकार होता आणि त्यासाठी तांब्याची तिकिटे पाडली होती. १८३७च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा मक्ता सरकारने आपल्या हाती घेतला. त्यावेळी कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र पाठवावयाचे तर एक रुपया पडे. दर अंतरावर बेतलेला, आणि पुष्कळदा तो पत्र घेणाऱ्याने द्यावयाचा. आता अशा व्यवस्थेत माणूस घर बदलून दुसऱ्या गावी गेला तर काय होणार? पत्र त्याच्यामागे धाडायचे म्हणजे नवे अंतर आले, आणि नवे अंतर म्हणजे नवा आकार. दोन मुक्काम बदललेल्या माणसाच्या पत्रावर आकार चढत जाई, आणि ते दारी येई तेव्हा ते सोडवून घ्यावे की परत धाडावे असा प्रश्न पडे. गरिबाने परतच धाडावे. ज्याला पोटासाठी वारंवार गाव बदलावे लागते त्यालाच पत्र सर्वांत महाग पडावे, असा तो न्याय होता.

या न्यायाच्या मुळाशी घाव घातला तो इंग्लंडात रोलंड हिल याने. १८३७ साली त्याने एक पुस्तिका लिहून दाखवून दिले, की पत्राच्या खर्चात प्रत्यक्ष वाहतुकीचा वाटा अगदी थोडा असतो; खरा खर्च हिशेब ठेवण्याचा आणि दारोदार पैसे वसूल करण्याचा. म्हणून अंतर कितीही असो, दर एक असावा आणि तो धाडणाराने आधीच भरावा. १८४०मध्ये इंग्लंडने हे स्वीकारले आणि टपालाचे तिकीट जन्माला आले. आपल्याकडे सिंध प्रांतात बार्टल फ्रियर याने १८५२ साली अर्ध्या आण्याची तिकिटे काढली, आणि १ ऑक्टोबर १८५४पासून सबंध हिंदुस्थानभर पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा सरसकट दर लागू झाला. लाहोर असो वा रत्नागिरी, आकार तोच.

परंतु येथे एक गंमत आहे. दर सरसकट झाला तरी पत्र मागाहून दुसऱ्या गावी धाडण्याचा आकार लगोलग नाहीसा झाला नाही. खात्याचे म्हणणे असे, की तुम्ही एका प्रवासाचे पैसे दिलेत. दुसरा प्रवास हे दुसरे काम. हिशेबाच्या दृष्टीने हे म्हणणे चूक नव्हते. इंग्लंडातही एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात असा पुन्हा आकार घेतला जात असे. अमेरिकेत मात्र १८६६ साली काँग्रेसने कायदा केला, की पूर्ण टपालहशील भरलेले पत्र, पत्र घेणाऱ्याने मागणी केल्यास, जादा आकार न घेता दुसऱ्या टपालकचेरीकडे धाडले जावे. यादवी युद्ध संपून एकच वर्ष झाले होते आणि लक्षावधी माणसे आपले जुने ठिकाण सोडून कोठे ना कोठे गेली होती, हे ध्यानात घेतले तर या कायद्याचे मोल अधिक समजते. त्यानंतर ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडातील बर्न शहरी राष्ट्राराष्ट्रांचा टपालकरार झाला आणि त्यातून पुढे जागतिक टपालसंघ उभा राहिला. त्या करारात असे कलम होते, की संघाच्या हद्दीत पत्र एका ठिकाणाहून दुसरीकडे धाडताना जादा हशील घेऊ नये. हिंदुस्थान या संघात १८७६ साली सामील झाला.

या एका कलमाचा अर्थ फार मोठा आहे. तिकीट चिकटवताना आपण पैसे देतो ते अंतराचे नव्हेत, गावाचे नव्हेत. पत्र त्या माणसाच्या हाती पोचवण्याचे. तो माणूस मध्यंतरी सरकला तर तो दोष त्याचा नाही व पत्र लिहिणाऱ्याचाही नाही. जासूद आपल्या धन्यासाठी जे करीत असे ते आता सरकारी टपाल कोणाही सामान्य माणसासाठी, एका तिकिटात, करू लागले.

आता हे प्रत्यक्षात घडते कसे तेही पाहू. घर सोडणाऱ्या माणसाने आपल्या जुन्या भागाच्या टपालकचेरीला लेखी कळवायचे असते. नव्या गावच्या कचेरीला नव्हे, जुन्या कचेरीला; येथेच पुष्कळांची चूक होते. पत्र येणार ते जुन्याच कचेरीत, म्हणून नवा पत्ता तिला ठाऊक हवा. अर्जावर जुना पत्ता, नवा पत्ता, ज्यांची पत्रे धाडायची त्यांची नावे आणि स्वतःची सही. ही सही केवळ उपचार नव्हे. दुसऱ्या कोणी अर्ज देऊन एखाद्याची पत्रे आपल्याकडे वळवून घेतली, तर वाटण्या झालेले बंधू किंवा फुटलेले भागीदार काय अनर्थ करतील याची कल्पना कोणालाही करता येईल. अर्ज आला, की त्या भागाचा पोस्टमन पत्र वाटपाला नेण्याऐवजी त्यावरचा पत्ता खोडतो, नवा लिहितो आणि ते पुन्हा डाकेत पडते. ही व्यवस्था काही मुदतीपुरती असते, कायमची नसते. तेवढ्या काळात आपण आपल्या माणसांना नवा पत्ता कळवावा अशी अपेक्षा असते. अर्ज द्यायचा राहिलाच, तर शेजारी किंवा मागाहून राहायला आलेला भाडेकरूही पत्र न फोडता त्यावर नवा पत्ता लिहून ते पुन्हा टपालपेटीत टाकू शकतो.

आणि कोणालाच काही ठाऊक नसेल तर? तर पत्र धाडणाराकडे परत जाते. धाडणाराचे नावही बाहेर नसेल, तर त्याची रवानगी एका निराळ्या कचेरीत होते. तिचे जुने नाव होते डेड लेटर ऑफिस, म्हणजे मृत पत्रांची कचेरी. पुढे ते नाव बदलून रिटर्न्ड लेटर ऑफिस असे सौम्य नाव आले. १८९८च्या टपाल कायद्याप्रमाणे तेथील ठरावीक अधिकाऱ्यालाच पत्र फोडण्याची मुभा होती, तीही धाडणाराचा पत्ता शोधण्यापुरती, आणि आतील मजकूर गुप्त राखण्याचे बंधन त्याच्यावर होते. पानिपतच्या त्या कासिदापासून येथवर आपण किती दूर आलो ते यावरून कळेल. आत पैसे किंवा मोलाची वस्तू निघाली तर ती एक वर्ष सांभाळून ठेवावी, मगच ती सरकारजमा व्हावी, असा नियम होता. तो १८९८चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३चा कायदा १८ जून २०२४पासून अमलात आला आहे.

एकट्यादुकट्याने घर बदलले तर अर्ज पुरतो. पण सबंध पेठ, सबंध शहर, सबंध प्रांतच उठला तर? आपल्या अलीकडच्या इतिहासात असे प्रसंग थोडे नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत लक्षावधी माणसे शहर सोडून गावोगाव पांगली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या शनिवार, नारायण यांसारख्या पेठांत घरेच्या घरे वाहून गेली. पाकिटावर पेठ होती, घरक्रमांक होता, आणि त्या जागी चिखलाचा ढीग होता. ज्यांची घरे गेली त्यांपैकी अनेकजण निस्सेन हट्समध्ये आणि नंतर गोखलेनगरासारख्या नव्या वसाहतींत गेले. पूर्वी ज्यांची ओळख वाड्याच्या नावाने होती त्यांची ओळख आता खोलीच्या क्रमांकाने होऊ लागली.

याहून कितीतरी मोठा प्रसंग १९४७चा. फाळणीत एक कोटीहून अधिक माणसांनी घरे सोडली. त्यांत कराचीचे मराठी लोकही होते. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग असल्याने नोकरीच्या, शिक्षणाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे कराचीत पिढ्यान् पिढ्या राहिली होती; तेथील एक नामांकित शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची आहे. फाळणीनंतर यांतील बहुतेकांनी मुंबईची वाट धरली. जो माणूस रातोरात निघतो, तो कोणत्या पोस्टमास्तरला अर्ज देणार, आणि नवा पत्ता म्हणून काय लिहिणार? सिंधी निर्वासितांपैकी अनेकांना कल्याणजवळ महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ साली तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. अमुक नंबरचा कँप, अमुक नंबरची बराक, असा पत्ता तेथे सुरू झाला, आणि सैनिकांच्या मोजदादीसाठी पाडलेले ते आकडे घरादारांचे पत्ते होऊन बसले. आजही तेथील पत्त्यांत ते भेटतात.

ज्यांना पत्ताच उरला नव्हता, त्यांच्यासाठी त्या दिवसांत आकाशवाणी पुढे आली. अमुक गावचा अमुक येथे सुखरूप आहे, त्याच्या माणसांनी येथे कळवावे, असे निरोप नभोवाणीवरून दिले जात. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी महात्मा गांधी दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर आले, आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांना उद्देशून बोलले. ज्यांना पत्र पोचणे कठीण होते त्यांच्यापर्यंत निदान आवाज पोचला. मी आज त्याच माध्यमातून आपल्याशी बोलत आहे, म्हणून ही आठवण मला विशेष वाटते.

घर स्थिर नसणे हा ज्यांचा धर्मच आहे अशा एका वर्गासाठी मात्र टपालखात्याने फार पूर्वीच निराळी युक्ती काढली. तो वर्ग सैनिकांचा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. साताऱ्याकडच्या एखाद्या आईला टायग्रिस नदी कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि पलटण आज कोठे आहे हे तिला सांगणे लष्कराला परवडण्यासारखेही नव्हते. म्हणून पत्त्यात जागाच वगळली. नाव, क्रमांक, पलटण, एवढेच लिहायचे. पलटण कोठे आहे हे लष्करी टपालाच्या तळाला ठाऊक असे आणि तेथून पत्र पुढे जाई. आजही आपल्या जवानाला पत्र लिहिताना आपण मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असे लिहितो. जवान लडाखला असो की राजस्थानच्या वाळवंटात, पत्ता बदलत नाही. जासुदाची जुनी रीत अशा प्रकारे टपालखात्यातच जिवंत राहिली आहे.

बाकी साऱ्यांसाठी मात्र पत्ता अधिकाधिक जागेशी बांधला गेला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि अपुरे पत्ते यांतून वाट काढणारी ही योजना एका मराठी माणसाची होती. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी, मूळचे कोकणातील वेळणेश्वरचे. त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा सैन्याच्या टपालासाठी राखला. आता घर बदलणाऱ्याला हे सहा आकडेही बदलावे लागतात. पोस्टकार्डे आज क्वचितच येतात. दूरध्वनीचा क्रमांक माणसाबरोबर गावोगाव हिंडतो आणि निरोप पुन्हा माणसालाच शोधीत येतो. परंतु न्यायालयाचे समन्स, पारपत्र आणि बँकेचे कागद अजूनही घराच्याच दाराशी येतात. तेथे माणूस नसला, की त्याची किती हानी होते हे ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगायला नको.

आता त्या कार्डाकडे वळतो. भुसावळ सोडताना अण्णांनी टपालकचेरीत रीतसर अर्ज दिला होता. लाल रेघ आणि इटारसीचा पत्ता हे त्या अर्जाचे फळ. इटारसीहून मात्र आठ महिन्यांत, चोवीस तासांच्या आत निघण्याचा हुकूम आला, आणि अर्ज राहून गेला. पेन्सिलीचा पत्ता शेजारच्या क्वार्टरातील एका फिटरने लिहिला होता. त्याला मराठी वाचता येत नव्हते, म्हणजे मजकुरात काय आहे हे त्याला कळले नसणार. कार्ड आपल्या शेजाऱ्याचे आहे आणि शेजारी झाशीला गेला आहे, एवढेच त्याला ठाऊक होते. अण्णा त्याच रात्री गाडीत बसले. गावी पोचले तेव्हा आजी बोलत नव्हती, पण ओळखत होती. त्यानंतर ती चार दिवस होती.

पुढे प्रत्येक बदलीच्या वेळी, सामान बांधायच्याही आधी, अण्णा टपालकचेरीत जाऊन अर्ज देऊन येत. आणि नव्या घरी जुन्या बिऱ्हाडकरूचे पत्र आले, तर ते आम्हा मुलांपैकी कोणाला तरी जवळ बसवीत, पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून घेत आणि लगेच पेटीत टाकायला पिटाळीत. उद्यावर ते काम त्यांनी कधी टाकू दिले नाही.